पळणारा ड्रायर

आई, तुझा ड्रायर चालू झाला.

नुसता चालू झाला नाही, नीट चालू झाला. आपल्या घरी होता तितकी वर्षं तो जसा कधीच चालला नव्हता, तसा. हे तुला कळवावं असं बरेच दिवस मनात घोळतंय. तू गेलीस त्याला पाव शतक होऊन गेलं, तेव्हा मधलं थोडं सांगायला हवं. मी अजून लिहितो. आठवड्याला एक सदर असतं, त्यात नगरसेवकापासून नाट्यगृहाच्या उपाहारगृहातल्या वड्यापर्यंत सगळ्यांना चिमटे काढतो. लोक रस्त्यात भेटले की हसतात आणि पाठ वळली की शिव्या देतात, म्हणजे बरं चाललंय. पण ते दुय्यम. माझं मुख्य काम असं आहे की मी जुनी वॉशिंग मशिनं आणि ड्रायर गोळा करतो, उघडतो, दुरुस्त करतो आणि जपून ठेवतो. हे वाक्य वाचून तू कपाळाला हात लावशील की मान हलवशील, मला सांगता येत नाही. तुझी सून म्हणते, "लोक बायकोला मशीन आणून देतात. मी मशिनांना नवरा दिलाय."

वागळे इस्टेटमध्ये एक गाळा भाड्याने घेतलाय, तुझ्या कंपनीच्या मागच्याच गल्लीत. तुझी कंपनी आता नाही. तिथे काचेची इमारत आहे, आणि आत काय काम चालतं ते आत जाणाऱ्यांनाही नक्की ठाऊक नसावं, चेहऱ्यांवरून तरी तसंच दिसतं. माझ्या गाळ्यात मात्र सगळं स्पष्ट आहे. एक विलायती मशीन आहे, तिच्या डोक्यावर दोन रबरी रूळ. चरकातून ऊस निघावा तसा त्यातून कपडा पिळून बाहेर येतो. एक लाकडी पिंप आहे, दांडा हाताने फिरवायचा. ते चालवून दाखवलं की दुसऱ्या दिवशी खांदा दुखतो आणि आपल्या आज्या-पणज्यांबद्दल आदर वाढतो. एक गोल खिडकीवाली आहे. आणि फिक्या हिरव्या रंगाच्या दोन टबवाल्या तर अशा येत राहतात, जशा लग्नात लेमन सेटच्या भेटी. आपल्या भागात मशीन मेलं की त्याला कोणी अग्नी देत नाही. त्यात तांदूळ भरतात. कांदे भरतात, चपला भरतात, गणपतीचं मखर घडी करून ठेवतात. मी मशीन आणायला जातो तेव्हा आधी घरातल्या बाईबरोबर बसून धान्य उपसावं लागतं, आणि तळाशी कायम काहीतरी सापडतं, केसांचा आकडा, सेफ्टी पिन, एकदा काळ्या मण्यांची आख्खी पोत. ती परत केली तर बाई रडायला लागल्या आणि नवरा म्हणाला, "बघ, मी विकली नव्हती."

कधीमधी घोडबंदर रोडच्या टॉवरमधून लोक 'व्हिंटेज' बघायला येतात. एका बाईंनी विलायती मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, याचं बार काउंटर होईल का. मी म्हटलं, होईल, पण पिणाऱ्याला पिळून बाहेर काढेल. त्या पुन्हा आल्या नाहीत. असो. पण सांगतो आई, मी उघडलं आणि चालू झालं नाही, असं मशीन अजून या गाळ्यात आलेलं नाही. बढाई वाटेल. आहेच. सदरात नम्रतेचा आव आणावा लागतो, तुला लिहितानाही आणू की काय.

आणि याचं मूळ तूच आहेस. शाळेत असताना एका दिवाळीला तू मला स्क्रू-ड्रायव्हरचा संच दिलास, पिवळ्या पारदर्शक मुठींचा. तुमच्या कंपनीच्या मेंटेनन्समधल्या कोणाकडून तरी मागवला होतास. बाबा म्हणाले, "झालं. आता घरातली एक वस्तू जागेवर राहायची नाही." तू म्हणालीस, "उघडू दे. बंद वस्तूत काय आहे ते कळायला नको?" मी इस्त्री उघडली, रेडिओ उघडला, दारावरची बेल उघडली, बाबांचं गजराचं घड्याळ उघडलं आणि त्यानंतर ते रोज पहाटे स्वतःच्या मर्जीने वाजायला लागलं. तू एका शब्दाने रागावली नाहीस. फक्त एकदा मी ड्रायरच्या मागच्या पत्र्याच्या स्क्रूला हात लावला, आणि तू ड्रायरवर बसल्या जागेवरून पाय लांब करून माझ्या मनगटावर असा हाणलास की स्क्रू-ड्रायव्हर मोरीत जाऊन पडला. "घरातलं सगळं उघड," तू म्हणालीस, "हे नाही." मला तेव्हा वाटलं, विजेची भीती असेल. ज्या बाईने मला चालू रेडिओ उघडू दिला होता, तिला.

तो ड्रायर आजच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. तो धूत नसे, फक्त पिळायचा. कमरेपर्यंतचा निळा पत्र्याचा डबा, आत जाळीचा टब, तो गरगर फिरायचा आणि पाणी नळीतून मोरीत. पावसाळ्यात डोंबिवलीतल्या आपल्या तिघांच्या घरात दोऱ्या पंख्यापासून देव्हाऱ्यापर्यंत बांधलेल्या असायच्या आणि घरभर कुबट वास, त्यावर हा उतारा. भिशीत तुझा नंबर लागला आणि तू कोणालाही न विचारता तो घेऊन आलीस. बाबांना आधी तोच घाव. त्यात पहिल्या दिवशी तू ओल्या चादरी घालून चावी फिरवलीस, तर तो थरथरत, ठणठणत मोरीपासून निघाला आणि बाहेरच्या दारापर्यंत चालत आला. बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "घरात आधीच जागा नाही, त्यात हा फिरायला लागला." मग तू त्यावर पाट आडवा टाकलास, स्टुलावरून चढलीस आणि बसलीस. तो थांबला. म्हणजे थरथर चालूच, पण जागच्या जागी.

मला अजून तसंच दिसतं. संध्याकाळ आहे. तू पहिल्या पाळीहून आलेली आहेस, कंपनीत आठ तास पट्ट्यासमोर उभं राहून गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरलीस, येताना भाजी आणलीस, आल्यावर कुकर लावलास, आणि आता स्वयंपाकघरात ड्रायरवर, पाटावर, पदर खोचून बसली आहेस. ड्रायर फिरतोय. तुझ्या बांगड्या एकसारख्या किणकिणतायत, टाचा समोरच्या पत्र्यावर आपटतायत, आणि तू मला विचारतेस, "ग-ग-गणित झा-झालं का रे?" त्या थरथरत्या आवाजात दिलेली कुठलीही ताकीद मला गंभीरपणे घेता आली नाही, आणि तरी मी प्रत्येक ताकीद पाळली. बाहेरून बाबांची हाक येते, "चहा." तू म्हणतेस, "उठता येत नाही, म-मशीन पळेल." मी भूक म्हणून आलो तर, "डब्यात चिवडा आहे, घे. मशीन पळेल." आयुष्यातला पहिला चहा मी त्यामुळेच केला. बाबांनी तो प्यायला आणि काही बोलले नाहीत. आमच्या घरात याला कौतुक म्हणत. पाच मिनिटांनी ड्रायर थांबायचा. तू हात खाली घालून चावी पुन्हा फिरवायचीस. बाबांचे शर्ट इतके पिळून चुरगळत की कचेरीत त्यांना कोणीतरी विचारलं होतं, कपडे पेटीत कोंबून ठेवता की काय.

आणि पावसाळ्यात तर तुझा दरबार भरायचा. मजल्यावरच्या, वरच्या, खालच्या बायका आपापली ओली बादली घेऊन येत, मोरीपासून जिन्यापर्यंत रांग, एकीचे कपडे आत, बाकीच्यांच्या गप्पा बाहेर, आणि मधोमध तू सिंहासनावर. बाबा आले की सगळ्या एकदम गप्प होत आणि ते गेले की एकदम हसत. मला वाटायचं, बाबांच्या शर्टाला हसतात.

तक्रार करायची म्हणून बाबांनी ड्रायरच्या कंपनीचा माणूस बोलावला. तो सुट्टीच्या दिवशी येऊन गेला, बाबा नेमके बाहेर. संध्याकाळी तू सांगितलंस, "म्हणाला, या मॉडेलचं असंच असतं." त्यावर बाबांनी निकाल दिला, "फसलीस." बस. तो एक शब्द तुला जन्मभर चिकटला. आत्याच्या घरी, मुंजीत, बारशात, कुठे कोणी काही विकत घेतलं की बाबा सुरू, "बघून घ्या हो, नाहीतर आमच्या हिचा ड्रायर." आणि सगळे हसत. मेथीच्या जुडीत एक पिवळं पान निघालं म्हणून भाजीवाल्याला जिन्यातून परत बोलावणारी तू, या एका बाबतीत तोंड उघडत नव्हतीस. तूही हसायचीस. मला तेव्हा त्या हसण्याचा फार राग यायचा, तुझाही आणि त्यांचाही.

म्हणून सांगतो, हा ड्रायर मला नुसता चालू करायचा नव्हता. बाबा आता पंच्याऐंशीच्या पुढे गेलेत, कोपरीला माझ्याकडे असतात, कान अर्धे आणि जीभ पूर्ण शाबूत. टीव्हीवर वॉशिंग मशीनची जाहिरात लागली की अजून म्हणतात, "फसली होती." मला त्यांच्या तोंडून, ते आहेत तोवर, एकच वाक्य ऐकायचं होतं, की ती फसली नव्हती. बाकी इतक्या लोकांची मशिनं मी नीट केली, आणि माझ्या आईचं तेवढं बदनाम राहिलं होतं.

पण ड्रायर कुठे होता? तू गेल्यावर बाबांनी तो समोरच्या काकूंना देऊन टाकला होता, आणि मी समजून चाललो होतो की तो केव्हाच भंगारात गेला. मग उन्हाळ्यात काकूंचा फोन आला.

"अरे, आपली बिल्डिंग पाडतायत, कळलं ना? रिकामी करायचीय. तुझ्या आईचा ड्रायर आहे माझ्या गॅलरीत. भंगारवाला बघून गेलाय. त्याला देऊ की तू नेतोस? तुझं म्युझियम आहे म्हणे."

"म्युझियम नाही हो काकू."

"मग?"

"गाळा."

"गाळा तर गाळा. पण वर तुळस आहे, ती मी देणार नाही."

टेम्पो घेऊन गेलो. इतकी वर्षं तुळशीचं पाणी झिरपून झाकणाचा पत्रा पापडासारखा झाला होता, आणि काकूंनी दर दसऱ्याला पुढच्या बाजूला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक थरावर थर चढून चांगलं जाड झालं होतं. बंद पडलेल्या यंत्राची इतकी वर्षं पूजा आपलीच माणसं करू जाणोत. बाबांना घरी येऊन सांगितलं, ड्रायर सापडला. ते म्हणाले, "पळून पळून दमला असेल. भंगारात दे."

मी भंगारात दिला नाही. झाकण नवं कापून घडवलं, गंज हाताने घासून काढला, मशीनने नाही, कारण मशीन मूळ रंगही खाते. निळा रंग मिळवायला आठवडा गेला. रंगवाला दर वेळी आकाशी आणायचा आणि मी दर वेळी म्हणायचो, आकाशी नाही रे, कंपासपेटीचा निळा. मोटर मूळचीच ठेवली, तारांची गुंडाळणी सुकवून, व्हार्निश मारून. बेअरिंग मात्र पार खलास होतं, ते बदललं. आणि समोरच्या पत्र्यावर खाली दोन पोचे होते, शेजारी शेजारी. माझा नियम आहे, पोचा दिसला की काढायचा. हातोडी हातात घेतली तेव्हा लक्षात आलं, या तुझ्या टाचा. ते ठेवले. नव्या रंगाखाली ते दोन खळगे आता असे उठून दिसतात की कोणी विचारलं तर मी म्हणतो, हे कंपनीचं डिझाइन आहे.

पण त्याआधीचं राहिलंच, मोटर काढण्यासाठी मागचा पत्रा उघडायला घेतला तेव्हाचं. खोटं सांगत नाही, हात थबकला. वरून पाय येतो की काय. पत्रा निघाला, आणि खाली मोटरच्या बैठकीवर तीन बोल्ट दिसले. लाल.

तुला ठाऊक आहे, पण पत्र नीट व्हावं म्हणून लिहितो. कारखान्यातून घरापर्यंतच्या हादऱ्यांत आतली मोटर हलू नये म्हणून कंपनी तिला असे बोल्ट मारून घट्ट आवळून पाठवते. घरी आल्यावर ते काढायचे, मग मोटर स्प्रिंगांवर डुलायला मोकळी होते. दिसावेत म्हणूनच लाल. काढले नाहीत तर मोटरचा सगळा थरथराट थेट डब्याला, आणि डबा चालायला लागतो. म्हणजे मशीन निर्दोष होतं. तुझा ड्रायर जन्मभर हात बांधलेला माणूस होता, आणि आपण त्याला म्हणत होतो, नीट पोहता येत नाही.

मी गाळ्यात एकटाच हसत बसलो. मला अख्खं सदर दिसायला लागलं. आपण वस्तू घेतो, उघडत नाही. रिमोटला पिशवी, सोफ्याला प्लास्टिक, नव्या फ्रिजच्या दाराला कंपनीची पट्टी तशीच, कारण कंपनीने लावलीय, काढणारे आपण कोण. चुलीपासून चांद्रयानापर्यंत सगळं पॅकिंगसकट वापरणारी जमात, असं एक वाक्यही जमलं. पण त्याहून मोठं म्हणजे माझ्या हातात पुरावा होता. तीन लाल बोल्ट.

बिल्डिंग रिकामी करायच्या आधी खाली पार्किंगमध्ये शेवटचा सत्यनारायण ठेवला होता. आता विखुरलेले सगळे आले. कोणी मानपाड्याच्या टॉवरमधून, कोणी कल्याणहून. तुझ्या दरबारातल्या बायका आल्या, पिकलेल्या, गुडघ्यांना पट्टे लावलेल्या, एकमेकींच्या औषधांची विचारपूस करणाऱ्या. बाबा पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीत. आरती झाली, शिऱ्याचे द्रोण फिरले, आणि मी टेम्पोतून ड्रायर उतरवला. वॉचमनच्या खोलीतून वायर ओढली. आत एक ओली चादर घातली. झाकणावर स्टीलचा पेला ठेवला, काठोकाठ पाण्याने भरून. चावी फिरवली.

आई, तो मांजरासारखा घुरघुरला. इतकंच. पाण्यावर वर्तुळं उठली, थेंब सांडला नाही. डबा तसूभर हलला नाही. पाच मिनिटं पार्किंगमध्ये कोणी बोललं नाही, आणि आपल्या बिल्डिंगमध्ये हे सत्यनारायणाच्या कथेलाही कधी जमलं नव्हतं. माझी छाती किती फुगली होती ते सांगत नाही. सदरा नवा होता, बटणं टिकली. मग मी तिन्ही बोल्ट तळहातावर घेऊन बाबांसमोर गेलो आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हे काढायचे राहिले होते, मशीन उत्तम होतं, आई फसली नव्हती.

बाबांनी बोल्ट हातात घेतले, चष्मा वर करून पाहिले. "म्हणजे मशीन चांगलं होतं," ते म्हणाले.

"चांगलं होतं."

"आणि हे नुसते पिळून काढायचे होते."

"हो."

"मग ती फसली नाही," बाबा म्हणाले, आणि मी श्वास सोडणार इतक्यात पुढे म्हणाले, "बावळट होती."

मी तुझी बाजू लढवून तुझी शिक्षा वाढवून आणली होती.  आणि तेवढ्यात मागून हसू आलं. आधी एकीचं, मग दुसरीचं, मग सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तेच हसू, बाबा स्वयंपाकघरातून गेल्यावरचं. समोरच्या काकू गुडघ्यावर हात टेकत उठल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तो कंपनीचा माणूस आलेला ना, तेव्हा मी तिथेच होते. त्याने मागचा पत्रा उघडला आणि म्हणाला, ताई, हे लाल बोल्ट काढायचे असतात, काढून देतो, हलायचा बंद होईल. ती म्हणाली, मग वर बसावं लागणार नाही? तो म्हणाला, कशाला बसायचंय? ती जरा वेळ त्या बोल्टांकडे बघत राहिली. मग म्हणाली, राहू दे भाऊ. पत्रा लाव. चहा घेऊन जा."

बाबांनी वर केलेला चष्मा पुन्हा नाकावर घेतला.

"दिवसभर कंपनीत उभी, घरी आली की उभी," काकू म्हणाल्या. "नुसती टेकली असती तर दोघांनी चार हाका मारल्या असत्या. मशिनीवर बसली की कोण उठवणार? आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा मी झाकण उघडून बघितलं, तर आत काय, एक पायपुसणं. अर्धा तास फिरवत होती."

बायका पुन्हा हसल्या, पण आता जरा हळू. बाबांनी बोल्ट एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. "मला सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर मी काय बसू दिलं नसतं?"

 काकू साडीची निरी नीट करायला लागल्या. एकीने दुसरीला द्रोण पुढे केला. बाबा बराच वेळ त्या बंद ड्रायरकडे, त्याच्या पुढच्या पत्र्यावरच्या दोन खळग्यांकडे बघत बसले. मग कोणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "नसतंच दिलं." आणि थोड्या वेळाने, "शिरा आहे का अजून?"

आई, मी माणसांची सोंगं उघडी पाडायचा धंदा करतो, आणि माझ्यासमोर, माझ्या स्वयंपाकघरात, इतकी वर्षं चाललेलं सोंग मला दिसलं नाही. याचं वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही. उलट अभिमानाने माझं डोकं फिरलंय. चारचौघांत बावळट ठरायची तयारी ठेवून तू रोज संध्याकाळी आपल्यासाठी एक जागा मिळवलीस, ती कोणाकडे मागितली नाहीस, त्याबद्दल भांडली नाहीस, आणि दर वेळी 'फसलीस' ऐकून सगळ्यांबरोबर हसलीस. आता कळतं, तू कशाला हसत होतीस. माझी इतकी सदरं झाली, पण इतका सफाईदार विनोद मला एकदाही जमलेला नाही. ते पॅकिंगवरचं सदर मी लिहिलं नाही. चांद्रयानाचं वाक्य मात्र कुठेतरी खपवीन. वाया का घालवा.

ड्रायर गाळ्यात ठेवला नाही. घरी आणला, स्वयंपाकघराच्या गॅलरीत. सून म्हणाली, "आता एक आलं, हळूहळू बाकीची येतील वाढदिवसाला." जेवायच्या टेबलाखाली बाबांच्या पायाशी जो लाकडी पाट असतो, ज्यावर ते इतकी वर्षं पाय ठेवून जेवतात, तो त्यांनी काठीने पुढे ढकलला आणि म्हणाले, "हा त्याच्यावरचा. ठेव." मला ठाऊकच नव्हतं की तो तुझा पाट आहे. ड्रायर देऊन टाकला होता त्यांनी, पाट नव्हता दिला.

आणि मी दुसऱ्या दिवशी मागचा पत्रा उघडून ते तीन लाल बोल्ट परत बसवले. दुरुस्त केलेलं यंत्र मुद्दाम बिघडवायची ही माझी पहिलीच वेळ. बेअरिंग पुन्हा जाईल, जाऊ दे, मला बदलता येतं. संध्याकाळी सून कामावरून येते, पर्स ठेवते आणि पाटावर जाऊन बसते. मी काही विचारलं तर म्हणते, "उ-उठता येत नाही." त्यामुळे मला फक्त सकाळची वेळ मिळते, ती गेल्यावर.

हे पत्र पाठवायचा प्रश्न नाही. तुझा शेवटचा पत्ता पाडायला घेतलाय, जिना गेला, आता आपला मजला. म्हणून इथेच ठेवीन, मागच्या पत्र्याच्या आत, बोल्टांशेजारी. घरातलं सगळं उघडणारा पुढचा कोणीतरी निघेलच. आत्ता बाबांनी हॉलमधून चहासाठी हाक मारली. मी म्हटलं, "बाबा, उठता येत नाही, मशीन पळेल." त्यांची काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बरं. बस तू." आणि आता मागे गॅस पेटवायचा आवाज येतोय, तिसऱ्या काडीला पेटला. शेवटच्या या ओळींचं अक्षर हललेलं दिसेल, त्याला माझा नाइलाज आहे. पण तुझ्यापासून काय लपवू. आत कपडे नाहीत. एक पायपुसणं आहे, आणि ते मघाशीच कोरडं झालंय.